पहिला माठ

चिमीला रंगाच्या कामावर आणलं कुणी? सरूनं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण चिमीच्या तोंडून ते काही तुम्हाला ऐकायला मिळायचं नाही.

दोघी पालेगावच्या, एका आळीतल्या. फाळणीनंतर कल्याणजवळच्या कॅम्पातल्या लष्करी बराकींत सिंधी कुटुंबं येऊन राहिली. त्यांतल्या होतचंद शेठनं बराकीमागे ओढण्या रंगवायचं काम काढलं आणि सरू तिथे भट्टीवर लागली. चिमी तेव्हा डोंगरावरून गवताचे भारे आणून मान मोडून घेत होती. तिच्यासाठी सरूनं शेठच्या किती मिनतवाऱ्या केल्या म्हणून सांगू! 'हिला घेत नसाल तर मीही येत नाही,' इथवर गेली. तेव्हा कुठे चिमी लागली. मग दोघी जायच्या बरोबर, यायच्या बरोबर, भाकरी एकाच फडक्यात.

काम असं होतं. कापड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, वालधुनी नदीवर नेऊन खळबळायचं आणि मग मंजिष्ठेच्या मुळ्यांच्या उकळत्या रंगात सोडायचं. तुरटी जितकी जास्त, तितका रंग लाल. ओळीनं पाच माठ मांडलेले असत, एकापेक्षा एक कडक पाण्याचे. पण दिसायला पाचही सारखे, विहिरीचं पाणी भरून ठेवावं तसे स्वच्छ. कापड कुठल्या माठातून आलंय ते रंगात उकळल्यावरच कळणार, आणि तेव्हा कळून उपयोग काय, कपाळ! माठ शेठ स्वतः भरायचे, त्यांच्या हाताशी असायची चिमी. सरू आपली भट्टीवर. माठांच्या बाजूला ती कधी उभीच राहिली नव्हती.

त्या वर्षी शेठच्या पुतणीचं लग्न निघालं. पाच ओढण्या रंगवायच्या होत्या. नवरीची सगळ्यांत लाल, मग बहिणींच्या उतरत्या रंगाच्या, आणि धाकटीची अगदी गुलाबी. शेठ सरूला म्हणाले, "ये काम तू कर. ठीक हुआ तो आगे से पूरी रंगाई तेरे हाथ में. बारिश में भी काम बंद नहीं होगा."

सरूला आभाळ ठेंगणं झालं. म्हणजे पावसाळ्यातही चूल पेटणार, दुसऱ्याच्या शेतात चिखल तुडवायला जायला नको! चिमी म्हणाली, "नशीब काढलंस गो." सरूला वाटलं, माझ्या सुखानं हिलाही सुख झालं. भोळी बाई!

सकाळी माठ भरून शेठ कल्याणला निघाले. जाता जाता म्हणाले, "पहले में हल्का, फिर बढ़ता जाएगा. दुल्हन की आखिर में."

सरू माठांसमोर उभी राहिली. लहानपणी ती अंबरनाथच्या शाळेत दोन यत्ता बसली होती. तिथे भिंतीवर आकडे लिहिलेले होते, डावीकडच्या दारापासून उजवीकडच्या खिडकीपर्यंत वाढत गेलेले. तेव्हापासून तिच्या डोक्यात ते तसेच बसले. नुसते आकडेच कशाला, सगळंच! मूठभर तांदूळ म्हटले की ते डाव्या अंगाला दिसत, आणि पोतं उजव्या अंगाला. पोरं ओळीनं उभी करायची झाली तरी तान्हं डावीकडे आणि थोरलं उजवीकडे. यात विचार करण्यासारखं काही असतं, हेच तिच्या गावी नव्हतं. तरी लग्नाचं काम, म्हणून तिनं डाव्या टोकाच्या माठावर हात ठेवला आणि विचारलं, "चिमे, पहिला ह्योच ना गो?"

चिमी भट्टीसाठी लाकडं फोडत होती. तिनं मान वर केली, माठाकडे पाहिलं, मग सरूकडे पाहिलं.

"ह्योच," ती म्हणाली.

अहो, नुसतं बोट बुडवून जिभेला लावलं असतं तरी तुरटीनं खरं काय ते सांगितलं असतं. पण चिमी सांगत असताना चाखायचं कशाला?

शेठ परतले तेव्हा ओढण्या रंगातून निघत होत्या. जरीकाठाची नवरीची ओढणी फिक्कट गुलाबी, आणि धाकट्या पोरीची लालभडक! लग्न दुसऱ्या दिवसावर आलेलं, पुन्हा रंगवायला वेळ नाही. शेठची बायको ओढणी छातीशी धरून रडायला लागली.

शेठ ओरडले नाहीत. "शुरू कहाँ से किया?" त्यांनी विचारलं. सरूनं दाखवलं. शेठनं कपाळावर हात मारला आणि उजव्या टोकाशी जाऊन उभे राहिले. "मेरा पहला तो इधर है, बाई!"

त्यांची सिंधी पोथी उजवीकडून सुरू व्हायची. शेठ शेवटच्या पानापासून वाचतात, म्हणून सरू मागे एकदा हसलीही होती. म्हणजे यांच्या डोक्यात थोडं ते उजवीकडे आणि पुष्कळ ते डावीकडे! रडता रडता सरूला जरा बरं वाटलं. चूक कुणाचीच नाही, दोघांची डोकी दोन बाजूंनी चालतात, एवढंच.

मग शेठ म्हणाले, "चिमी भी पहले दिन ऐसे ही उलटा चली थी. मैंने ही समझाया उसको. तूने उससे पूछ क्यों नहीं लिया?"

सरूनं चिमीकडे पाहिलं.

"मेरे को किधर पूछा?" चिमी म्हणाली. "सीधा कपड़ा डाल दिया."

इतकं सहज! पापणीसुद्धा लवली नाही.

घरी जाताना बांधावर तिनं विचारलंच. "का गो असं केलंस? मी शेठच्या पाया पडली होती तुझ्यासाठी."

"तेच ना," चिमी म्हणाली. "साऱ्या गावाला माहीत हाय ते. तूच मना आणलंस, तूच मना लावलंस. आता जन्मभर तुझ्याच हाताखाली राहू?"

हिला इथंच बांधावरून ढकलावं, असं सरूला वाटलं. तिनं फडकं सोडलं, उरलेली भाकरी चिमीच्या हातावर ठेवली आणि रिकामं फडकं घेऊन पुढे निघून गेली.

लग्न उरकलं आणि रंगाई चिमीच्या हाती गेली. सरू कामावर राहिली. न राहून करते काय, गवताचे भारे? सकाळी चिमीनं माठ भरले आणि सगळ्या बायांदेखत मोठ्यानं सांगितलं, "उजवीकडचा पहिला हाय गो."

सरूनं रंगवायची ओढणी खांद्यावर टाकली, वाकून उजवीकडच्या माठात बोट बुडवलं आणि चाखलं. तुरटी हलकीच लागली.

"सांगितला ना मी?" चिमी म्हणाली.

"सांगितलंस गो," सरू म्हणाली, आणि तिनं दुसऱ्या माठात बोट बुडवलं.