धोंडा राखणारी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या एका काचेला तडा गेला आहे, तरी गावातल्या शहाण्यांपेक्षा मला अजून लांबचं दिसतं. मित्रांनो, याला गर्व म्हणा हवं तर. तो मी कमावला आहे.

कारखान्यातून निघाले ती थेट एका बेटावर गेले. बेट कसलं, गायरानाएवढाही नसलेला खडक! प्यायचं पाणीसुद्धा बोटीने यायचं. पण त्या समुद्रावर शेजारचा देशही हक्क सांगत होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला आमच्या समोरूनच जावं लागे. रहिमतपूरचा जवान आकाराम मला डोळ्यांना लावून बसायचा. लढाईच्या वर्षी परकी जहाजं दिसताच त्याने वायरलेसवर खबर दिली. आपल्या बोटी वेळेवर आडव्या आल्या आणि ती जहाजं मुकाट्याने परत फिरली. गोळी एकही सुटली नाही.

पुढे माझी काच तडकली आणि मला मोडीत काढलं. लिलावात आकारामनेच मला घेतलं. सुट्टीत तो मला घेऊन कडेगावला गेला, तिथल्या बागायतदार भाऊसोंची मुलगी विजयमाला हिला मागणी घालायला. ती त्याच्या मनात भरली होती.

"लढाईत गोळी कुठं लागली?" भाऊसोंनी विचारलं.

"न्हाई लागली. बेटावर हुतो."

"तितं पिकतं काय?"

"काय न्हाई. नुसता खडक हाय."

"मंग धोंडा राखत बसला हुतास म्हन की! ऊस न्हाई, शाळू न्हाई, आन् सरकार मानसं डांबतंय. धोंडा राखणाऱ्याला पोरगी देऊ व्हय रं?"

बैठक खो खो हसली. भाऊसोंनी मला उचलून उलटं डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "हिच्यातनं कायबी दिसत न्हाई!" असल्या अकलेपुढे मी काय बोलणार?  आकाराम टोपी घेऊन उठला.

तेवढ्यात भाऊसोंची बायको शालूबाई रानातून आली; धोंड्याचं बोलणं तिने दारातूनच ऐकलं होतं. हातात गोफण, घसा बसलेला. भाऊसोंनी यंदा शाळूच्या ज्वारीतला, वर बसून पाखरं राखायचा उंच माळा मोडला होता. त्याच्याखालची जागा फुकट जाते म्हणे! तेव्हापासून ती बिचारी बांधाबांधाने पळत पाखरं हाकत होती.

"आवं, माळ्यावर तरी कवा कनीस आलं हुतं?" ती म्हणाली. "मोडलासा न्हवं? आता खाली हुबं ऱ्हाऊन कायबी दिसत न्हाई. हिकडं हाकलावं तर तिकडं पाखरं बसत्यात. निम्मा शाळू गेला की!"

आता कुणी हसेना. भाऊसोंनी पानाचा डबा उघडला, तसाच मिटला.

"बसा, पावनं," ते आकारामला म्हणाले. "शालू, साखर आन."

लग्न झालं. माळा पुन्हा उभा राहिला आणि मी त्यावर टांगलेली असते. बेटाचं मोल आपण पहिल्यापासून ओळखलं होतं, असं भाऊसो आता गावभर सांगतात. आणि मला अजून उलटीच धरतात. मित्रांनो, माझी काच पुसा, मला ओलीत ठेवू नका. पण आधी मला सुलटी धरायला शिका.