पेंढ्याखाली गेलेलं ऊन

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. वावर गावाजवळच्या एका पाड्यावर, मंगेशच्या घरात, नाचणीच्या कणगीशेजारी बसून असते. छपरावरचं सोलर पॅनल दिवसभर ऊन घेतं आणि त्याची वीज मी पोटात साठवते. फुशारकी मारत नाही, पण मी आले त्या संध्याकाळी अख्खा पाडा मला बघायला लोटला होता!

पहिल्याच वर्षी भाताची झोडणी झाली आणि सगळं घर वीटभट्टीवर निघालं. मंगेशची लेक रविनाही निघाली, शाळा अर्धवट टाकून. मंगेश मोठा मायाळू. उन्हानं पॅनल तडकेल, कुणी दगड मारेल, म्हणून त्यानं त्यावर पेंढ्याचा जाड थर अंथरला. घर काळोखात नको म्हणून देवापुढचा बल्ब चालू ठेवला आणि कडी लावली. अहो, खाणं बंद आणि काम चालू! थोड्याच दिवसांत मी रिकामी झाले आणि महिनोन्महिने तशीच पडून राहिले. मला राग नाही आला, रडू आलं. इतक्या मायेनं कुणी कुणाला उपाशी ठेवतं का?

पावसाच्या तोंडावर माणसं परतली. जव्हारहून तुळशीदास मिस्त्री आला. त्यानं मला तपासलं, पाणी भरलं.

"निम्मा जीव गेला हिचा. परत पॅनल झाकू नको रे बाबा."

मंगेश छपरावर चढला आणि सगळा पेंढा खाली ओढला.

यंदा पुन्हा भट्टीची वेळ आली. रविना आता आठवीत होती.

"बा, मी आजीसंगं इथंच राहते. मला शाळा नाय सोडायची."

"घरात मण्यार निघते. काळोखात दोघींना ठेवून जाऊ? ह्या बॅटरीचा आता काय भरवसा?"

"पंखा नाय, काय नाय. एकच बल्ब लावू."

"बघू आज, बल्ब किती टिकतो ते," मंगेश म्हणाला.

त्या संध्याकाळी तो बल्बखाली बसून राहिला. काय सांगू, माझा जीव टांगणीला लागला होता! रविनाचा धडा झाला, जेवणं झाली, अंथरुणं पडली. बल्ब जळतच होता. मंगेश उठला, बटण बंद केलं आणि लेकीला म्हणाला, "राहा."

भट्टीवर निघताना तो माझ्याजवळ वाकला. "पोरीकडं लक्ष ठेव गं."

आजवर मला कुणी घरचं माणूस मानलं नव्हतं.

मित्रांनो, आम्हाला झाकून जपू नका. पॅनल पुसत जा, माझं पाणी बघत जा आणि आम्हाला रोज कामाला लावा. माझ्यात निम्माच जीव उरलाय, पण तो सगळा रविनाचा आहे.