ठिपकी नदीपलीकडे

‘ती. सावित्रीबाईंस सा. न. वि. वि.’ इतकं लिहून खंडेरावांनी पेनाला टोपण लावलं आणि आंतर्देशीय पत्र वहीत सरकवलं. जूनपासूनचं हे चौथं पत्र. आधीच्या तिन्ही पत्रांतही ते याच ठिकाणी थांबले होते.

सावित्रीबाई शिरोडे शेजारच्या घरात तेवीस वर्षं राहिल्या. एप्रिलच्या अखेरीस मुलाने त्यांना कल्याणला नेलं आणि घराला कुलूप लागलं. जूनमध्ये त्यांचं पत्र आलं. प्रवास, गुडघे, तिसरा मजला, बंद दारं असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात, त्यांनी विचारलं होतं : ‘आमची ठिपकी तिकडे दिसते का? दिसली तर एका ओळीने कळवावे. इकडे मन लागत नाही.’

ते पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी खंडेराव ठिपकीला पिशवीत घालून नदीपलीकडे सोडून आले होते.

पांढरी मांजर, डाव्या कानावर एक काळा ठिपका. सावित्रीबाई गेल्यावर आठ-दहा दिवसांनी ती कुठूनशी उगवली, हाडकुळी होऊन. पहाटे पाचला त्यांच्या कुलपापुढे बसून ओरडायची, आणि कोणी दार उघडत नाही म्हटल्यावर खंडेरावांच्या खिडकीतून आत यायची. दुधावरची साय गेली, इथवर ठीक होतं. पण एक दिवस तिने पुस्तकांच्या मांडणीत, खालच्या फळीवर, एकोणीसशे एकसष्टपासून जपलेल्या दिवाळी अंकांवर घाण केली. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाने ते अंक एकेक करून उन्हात वाळवले, हुंगून पाहिले आणि पुन्हा वाळवले. वास गेला नाही.

“नदीपार सोडून या,” त्यांची पत्नी मोहिनीबाई म्हणाल्या होत्या. “पुलाच्या मध्यावर पिशवी तीनदा गोल फिरवा. दिशा विसरते. पाणी ओलांडलं की मांजर परत येत नाही.”

खंडेरावांनी होळकर पुलावर, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत, पिशवी तीनदा फिरवली होती. आतून काही आवाज आला नव्हता. त्याचीच आठवण त्यांना अधिक त्रास देई.

आता दिवाळी होऊन गेली होती. कालच सावित्रीबाईंचं दुसरं पत्र आलं, नुसतं पोस्टकार्ड. शुभेच्छा, आशीर्वाद आणि एक वाक्य : ‘माझे मागचे पत्र आपणास मिळाले नसावे.’

“लिहून टाका ना, ठिपकी मजेत आहे म्हणून,” मोहिनीबाई भिंतीवर बाटल्या मांडताना म्हणाल्या. “त्या काय गुडघे घेऊन बघायला येणारेत?”

“मजेत आहे की नाही, मला कुठे माहीत आहे?”

“मग लिहा, दिसत नाही. तेही खरंच आहे.”

“अगं, ते खरं असून खोटं आहे.”

“झालं! तुमचं हे असं आहे म्हणून पाच महिने ती बाई वाट बघतेय.”

त्या निळीचं पाणी भरलेल्या बाटल्या कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने ठेवत होत्या. निळा रंग बघून मांजरं पळतात असं सगळी कॉलनी मानत होती. तिसऱ्या आणि चौथ्या बाटलीच्या मधे एक पिवळट बोका अंग चाटत बसला होता. मोहिनीबाईंनी त्याला जरा सरकवून पाचवी बाटली ठेवली.

खंडेराव त्या बोक्याकडे बघत राहिले. एक ठिपकी नेऊन सोडली आणि नंतर हा पिवळा आला, मग एक काळी, मग शेपूट तुटलेली करडी. यातली एकही गल्लीत जन्मलेली नव्हती. सगळी मोठी होऊन आली होती. कुठून?

“बुधवार आहे ना आज?” त्यांनी विचारलं. “पलीकडे बाजार असेल.”

“भाजी परवाच आणली.”

“भाजी नको. जरा बघून येतो.”

“काय बघून येता?”

ठिपकी जिवंत आहे का, एवढं कळलं तर पत्राचं पुढचं वाक्य सुचेल, असं त्यांना वाटत होतं. मेली असेल तर काय लिहायचं, याचा विचार त्यांनी मुद्दाम केला नाही. सावित्रीबाईंची दोन्ही पत्रं त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली.

पुलाच्या मध्यावर पलीकडून एक लुना येत होती. चालवणाऱ्याच्या पायापाशी गोणपाट होतं, आणि गोणपाट हलत होतं. खंडेराव अनोळखी माणसाशी आपण होऊन कधी बोलत नसत. पण लुना नेमकी त्यांच्याजवळ थांबली, माणूस उतरला, गोणपाट उचलून त्याने गरागरा फिरवलं.

“आत मांजर आहे का?” खंडेरावांच्या तोंडून निघून गेलं.

“दोन हायेत. पायजेत का बाबा?”

“नाही, नाही. पण तुम्ही तिकडून इकडे का आणता?”

“आमच्या आळीत सगळे इकडंच सोडतात. पाणी वलांडलं का मांजर परत येत नाय.”

“आम्ही इकडून तिकडे सोडतो,” खंडेराव म्हणाले.

माणसाने गोणपाट खाली ठेवलं. आधी त्याने खंडेरावांकडे पाहिलं, मग नदीकडे, आणि मोठ्याने हसला.

“म्हंजे आमच्या माळ्यावर बाळंत होती ती तुमची! अन् तुमच्याकडं आमची! बदल्या करतोय का काय आपण, सरकारी नोकरासारख्या?”

खंडेरावांनाही हसू आलं. “कितीदा फिरवता?”

“पाचदा.”

“आमच्याकडे तीनदाच सांगतात.”

“तीनदानं काय व्हतं! म्हणून तर परत येत असतील तुमची.” त्याने गोणपाट पुन्हा उचललं, थोडा विचार केला, पण लुना वळवली नाही. “एखादी हुडकत असाल तर चिमणाबाईला इचारा. सुकटवाली. पलीकडं जी जी सुटतात, ती सगळी तिच्याच टोपलीमागं जमतात.”

बाजाराच्या कडेला, भाजीवाल्यांपासून बरंच दूर, चिमणाबाई पोतं अंथरून बसली होती. पुढे सुकट आणि बोंबलांचे ढीग, हातात एक लांब काठी. मागे खोक्यांच्या आडोशाला पाच-सहा मांजरं, सगळी काठीच्या टप्प्याच्या बरोबर एक वीत पलीकडे.

“या गुरुजी. सुकट देऊ का बोंबील?”

“मी गुरुजी नाही. ग्रंथालयात होतो.”

“तेच ते. काय देऊ?”

“मला एका मांजरीची चौकशी करायची होती.”

“चौकशी कशाला, घिऊन जा! एक नाय, चार न्या. वर मूठभर सुकट देते.”

“पांढरी आहे. डाव्या कानावर काळा ठिपका.”

चिमणाबाईने काठी मांडीवर आडवी ठेवली. “ती व्हय. दोनदा आलेली.”

“दोनदा कशी?”

“पयल्यांदी एक म्हातारी आली घिऊन. लग्नसराई होती, उन्हाचा नुसता कहर. पाय वढत आली बिचारी. मांजर रडतंय का बाई रडतीय तेच कळंना. म्हनली, लेकाच्या घरी मांजर चालत नाय. दोन घटका बसली हितं. ताटली ठेवून गेली. म्हनली, हिच्यातच खाती, दुसऱ्यात तोंड घालत नाय.” तिने एका घुसणाऱ्या बोक्याला न बघता काठी दाखवली. “आठ दिवस ऱ्हायली अन् एक दिवस गायब. मला वाटलं, कुत्र्यांनी फाडली. म्हातारी परत आली इचारायला, जायच्या आधी. मी काय सांगू? नाय म्हनलं, दिसत नाय. तशीच गेली. अन् पावसाच्या तोंडावर बघते तर मांजर हजर! कोन्या मेल्यानं पुन्हा आणून टाकली.”

“मी टाकली,” खंडेराव म्हणाले.

चिमणाबाईने त्यांना चष्म्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

“तुमी? शिकलेले दिसता की.”

खंडेरावांनी मान खाली घातली. मग तिनेच, जरा खालच्या आवाजात, खोक्यांच्या मागे हात केला. “ती काय. बघा.”

ठिपकी सावलीत खात होती. अंगाने भरली होती. खंडेराव दोन पावलं पुढे झाले. तिने मान वर केली, त्यांच्या हातांकडे पाहिलं, हातात पिशवी नव्हती तरी उठली आणि खोक्यांच्या फटीत शिरली. ताटली तेवढी पुढे राहिली.

ते उकिडवे बसले. कुठेही काही लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. स्टीलच्या काठावर, भांड्यांवर नाव घालणाऱ्याने ठोकलेली बारीक अक्षरं होती. त्यांनी बोटाने सुकटीचा चुरा पुसला. ‘सौ. सावित्री वि. शिरोडे. वास्तुशांत. १९७४.’

त्या वास्तुशांतीला ते जेवायला होते. घरात नवीन भांड्यांची रास होती आणि सावित्रीबाई ज्याला त्याला वाढताना सांगत होत्या, नाव घालून घेतलंय हो, चुकून कुणाकडे गेलं तरी परत येईल.

खंडेरावांनी खिशातून जूनमधलं पत्र काढलं आणि तिथेच, उकिडवं बसल्या बसल्या, शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. पाच महिने ते समजत होते की मागे ठेवलेल्या मांजरीवर सावित्रीबाईंनी त्यांना लक्ष ठेवायला सांगितलं आहे. पण सावित्रीबाईंनी तिला मागे ठेवलंच नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांनी पूल ओलांडून त्या तिला इथे ठेवून गेल्या होत्या, आणि परत येऊन विचारलं तेव्हा ती दिसत नाही एवढंच ऐकून कल्याणच्या गाडीत बसल्या होत्या.

“म्हातारी तुमची कोन?” चिमणाबाईने विचारलं.

“शेजारी.”

“मंग सांगा तिला. रोज आठवण काढत आसंल.”

“तुमचा काही निरोप?”

“म्हनावं, ताटली देनार नाय आता मी परत. आमच्याकडची झालीय.”

दुपारी खंडेराव जेवणाआधीच टेबलाशी बसले. वहीतलं चौथं पत्र त्यांनी बाहेर काढलं. या वेळी पेन एकदाच अडलं.

‘...तुम्ही गेल्यावर आठ-दहा दिवसांत ठिपकी एकटी परत आली. तुमच्या दाराशी पहाटे बसत असे. मी तिला दूध दिले नाही. जूनमध्ये मीच तिला नदीपलीकडे सोडून आलो, आणि दुसऱ्या दिवशी आपले पत्र आले, म्हणून उत्तर लिहिण्याचे धैर्य झाले नाही. आपली क्षमा मागतो. आज तिला पाहून आलो. बुधवारच्या बाजारात चिमणाबाई सुकटवाली यांच्याकडे आहे. अंग चांगले धरले आहे. मला पाहून लपली, ते योग्यच होते.’

इथे ते थांबले. पंख्याचा वारा पत्राचा कोपरा उचलत होता. त्यांनी त्यावर चष्म्याचं घर ठेवलं. मग लिहिलं : ‘तिच्या ताटलीतच खाते.’

मोहिनीबाई हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. सगळं पत्र त्यांनी उभ्यानेच वाचलं.

“हे बरं, सगळा दोष आपल्याच अंगावर घेतलात. आणि नदीपार सोडा म्हणणारी मी, माझं नाव कुठाय?”

“घालू का?”

“राहू द्या.” त्यांनी पुन्हा एकदा शेवटची ओळ वाचली. “ताटली कुठली ही?”

“त्यांना कळेल.”

मोहिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वाटीतला भात त्यांनी बोटाने चेपला आणि घडी चिकटवायला त्यांच्यापुढे धरला.

पोस्टाची लाल पेटी कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानासमोर होती. खंडेरावांनी पत्ता दोनदा वाचला, पिनकोड तिसऱ्यांदा. पत्र अर्धं आत सरकवून ते थांबले. ‘तिच्या’ऐवजी ‘त्याच’ लिहायला हवं होतं का? नाव वाचलं हे फारच उघड होतं का? की फारच झाकलेलं? आपण उगाच त्या बाईची जखम उघडी तर करत नाही ना?

“काका, टाकताय ना?” मागे एक मुलगी राखी रंगाची पाकिटं घेऊन उभी होती.

“हो, हो,” म्हणत ते बाजूला झाले, आणि त्या घाईत पत्र हातातून सुटलं. आत पडल्याचा आवाज आला. त्यांनी फटीत दोन बोटं घालून पाहिली. पत्रापर्यंत ती पोचत नव्हती.