सहीवर घेतलेला थर्मामीटर

डॉक्टर विजया ठोंबरे नागपूरहून आमच्या भिलाईच्या फाउंड्रीत आल्या, ते साल १९८८. उन्हाळे वर्षागणिक जास्त तापत चाललेत आणि त्याने भट्टीवरच्या माणसांच्या तब्येतीचं काय होतं, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांनी भट्टीजवळच्या भिंतीवर थर्मामीटर टांगला आणि माझ्या सहीवर दिला. रोज दुपारी दोनला पारा बघून रजिस्टरात लिहायचा. आकडे मोठे आले तर दुपारच्या पाळीला तासातासाला विसावा मिळणार होता. माझा धाकटा भाऊ दौलत त्याच पाळीत होता, म्हणून मी हे काम जीव लावून केलं.

आता, सहीवर घेतलेली वस्तू फुटली की लेखी खुलासा द्यावा लागतो. बावीस वर्षांच्या क्लार्कीत मी एकही खुलासा दिलेला नव्हता. पहिल्याच आठवड्यात पारा असा चढला, की नळी तडकते की काय असं वाटलं. तेव्हापासून मी बाराला थर्मामीटर काढून ऑफिसात कूलरशेजारी टांगायचो, दोनला आकडा लिहायचो आणि चारला पुन्हा भिंतीवर नेऊन लावायचो. एक दिवस चुकवला नाही. अक्षरही सुंदर काढलं.

मे संपताना दौलत भट्टीसमोर कोसळला. लू लागू नये म्हणून त्याच्या बायकोनं, सुशीलानं, खिशात ठेवलेला कांदा तसाच होता.

डॉक्टर मॅडम रजिस्टर घेऊन दवाखान्यात दौलतच्या खाटेपाशी आल्या.

“शेषरावजी, हे पडले त्या दिवशी दोन वाजता फक्त एकतीस?”

“हो, मॅडम.”

“महिनाभर रोजच एकतीस, बत्तीस. हे दाखवून विसावा कोण देईल?”

“त्याले मी दुपारी अंदर ठेवत होतो, मॅडम. कूलरपाशी. तापून फुटला असता तं?”

मॅडमनी रजिस्टर मिटलं. खाटेवर दौलतनं डोळे उघडले.

“भाऊ,” तो म्हणाला, “मले बी सहीवर घेतलं असतं तं बरं झालं असतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी मी आयुष्यातला पहिला खुलासा लिहून दिला. जुने आकडे रद्द झाले, विसाव्याची गोष्ट पुढच्या उन्हाळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी दोनला मी भट्टीजवळ, त्या भिंतीपाशी, दौलतच्या जागेवर उभा राहिलो आणि लिहिलं: एक्कावन्न. हाताच्या घामानं कागद भिजला होता. अक्षर काही सुंदर आलं नाही.