किरणं खाणारा धागा

पुरानी बस्तीत दर गुरुवारी किरणबाबांच्या दारात सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची रीघ लागायची. माझा दादा वासुदेव तिकडे पाइपांच्या वेल्डिंगचे गॅमा किरणांनी फोटो काढतो. आतली भेग त्यात दिसते. त्याच्या जोडीचा शंकर रक्ताच्या कॅन्सरनं गेला आणि घाबरलेली सगळी टोळी बाबांच्या पायाशी धावली.

बाबा प्रत्येकाच्या गळ्यात धागा बांधायचे. त्यांचा मंत्र सोपा होता. "किरण आएगा, धागा खाएगा, रिपोर्ट सफा निकलेगा!"

"हव बाबा," गर्दी म्हणायची.

आणि रिपोर्ट खरोखर सफा निघायचे. किरण मोजणारा बॅज कामगारानं छातीवर लावायचा असतो; दर तीन महिन्यांनी तो तपासायला प्रयोगशाळेत जातो. दादाच्या गळ्यात धागा आल्यापासून आठ रिपोर्ट आले, आठही शून्य. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. किरणं धाग्याला जुमानत नाहीत हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्या शून्याची मला भीती वाटू लागली.

एकदा जेवताना विचारलं, "दादा, तुहा बॅज कुठी आहे?"

"बाबाच्या कलशात. तीन महिने तिथंच राहते."

"काहून?"

"किरणं बॅजवरच जमा होतात ना. तोच पवित्र ठेवला तं आपल्याले काही होत नाही."

"अन् साहेब काही म्हणत नाही?"

"साहेबाले शून्य पाहिजे. तो कायले विचारते?"

मी एवढंच म्हटलं, "धागा राहू दे गळ्यात. फक्त हे तीन महिने बॅज छातीवर लाव. माह्यासाठी."

रिपोर्ट आला. आकडा मर्यादेत होता, पण शून्य नव्हता. त्या गुरुवारी दादा कागद घेऊन गर्दीत उभा राहिला. मी मागेच होते.

"श्रद्धा कम पड़ गई, बेटा," बाबा डोळे मिटून म्हणाले.

"धागा वही है बाबा, श्रद्धा भी उतनी ही थी," दादा म्हणाला. "बस, बॅज आपके कलश में नहीं था."

मग एकेक जण पुढे आला आणि कलशात हात घालून आपला बॅज शोधू लागला.

घरी आल्यावर दादानं ते आठ रिपोर्ट माझ्यापुढे मांडले. "सुजाता, या दोन वर्षांत माह्या अंगात किती गेलं?"

"माहीत नाही, दादा. यात तू नाहीसच. यात बाबाचा कलश आहे."

"मंग आता कधी समजन?"

"नाही समजणार."

थोड्या किरणांनी लगेच काही दुखत नाही. पण मात्रा साठत जाते तसा कॅन्सरचा धोका थोडा थोडा वाढतो. म्हणून ती मोजायची आणि फार झाली की माणसाला त्या कामावरून हलवायचं. बॅज कुणाला वाचवत नाही. तो फक्त खरं सांगतो, तेही माणसाच्या अंगावर असला तरच. भावांनो, बॅज देवापुढे ठेवू नका. छातीवर लावा आणि आलेला आकडा मागून घेऊन वाचा.

दादा आता रोज लावतो. त्या दोन वर्षांबद्दल तो पुन्हा विचारत नाही. मी मात्र त्याला साधा ताप आला तरी दचकते.