पणजीचा रेशमी झगा

चर्चच्या तळघरात गावातल्या हौशी नाटकमंडळीचे कपडे असत आणि त्या कपाटांवर अर्लिस टॉलफसनचं राज्य होतं. यंदाचं नाटक १९११ सालचं. दिग्दर्शक ड्वाइट एकेक झगा उचले आणि नाक मुरडून खाली टाके. "पॉलिस्टर! वर पाठीला चेन! अगं, त्या काळी चेन कुठली? हूक हवेत, हूक!"

नायिकेचं काम अर्लिसच्या मुलीला, बेरिटला, मिळालं होतं. पोरीने आजवर नुसत्या दासी आणि शेजारणीच केल्या होत्या, त्यामुळे भांडी घासतानाही तिचे संवाद चालू असत. पण अर्लिसला मिरवायची भारी हौस. तिने आपल्या पणजीचा लग्नातला करड्या रेशमाचा झगा तळघरात आणला. इथेच बाई फसली.

ड्वाइट झग्यावर लट्टू झाला. जाहिरातीवर झग्याचा फोटो आणि खाली पणजीचं नाव छापून आलं. अर्लिसला आकाश ठेंगणं झालं. पण झगा होता कंबर आवळून बांधायच्या काळातला. बेरिटच्या अंगात तो शिरेचना.

"बाजूच्या शिवणी उसव ना, आई," बेरिट म्हणाली. "आत दोन बोटं माया सोडलीय, मी बघितली."

"पणजीच्या टाक्याला मी हात लावायची नाही. त्यापेक्षा जरा खाणं आवर."

हे ड्वाइटसमोर बोलायला नको होतं. पण बोलली. दुसऱ्याच तालमीला ड्वाइटने दंतवैद्याची मुलगी मारेन आणून उभी केली. झगा तिला सरसर चढला.

"फोटो गावभर लागलाय, अर्लिस," तो म्हणाला. "आता झगा कसा बदलणार?"

नायिका मात्र बदलता येत होती. अर्लिसने तोंड उघडायला हवं होतं, पण तिने मूग गिळले. बेरिट पुन्हा शेजारीण झाली. केक घेऊन यायचं, हवापाण्याचं बोलायचं आणि जायचं.

रंगीत तालमीला झगा पायात येऊन मारेन अडखळली. पोर बुटकी होती.

"खालून चार बोटं काप," ड्वाइट म्हणाला. "दुमडलंस तर जाड दिसेल. आणि लवकर कर, पेपरवाला आलाय. तुझाही फोटो घ्यायचाय त्याला."

अर्लिसने क्षणभर झग्याकडे पाहिलं. मग केस सारखे केले, गुडघे टेकले आणि कात्री घातली. जुनं रेशीम करकरत फाकलं.

"म्हणजे कात्री चालते तर," मागून बेरिट म्हणाली.

"अगं, नाटकासाठी करावं लागतं..."

"हो ना. मला वाटलं, चालतच नाही."

अर्लिसचा हात थांबला. मान वर करायचा तिला धीर होईना. बेरिटने हातातला केक खुर्चीवर ठेवला, शेजारी बसली आणि झग्याचं टोक ताणून धरलं.

"सरळ काप, आई. वाकडं गेलं तर फोटोत दिसेल."