डिझेलचं विरजण

काठी पिंपात बुडाली तेव्हा नांदळीच्या देवळापुढे सगळं गाव उभं होतं आणि एवढ्या माणसांत एक पोरही रडत नव्हतं.

"परवा या पिंपात काय भरलं?" बाबाने विचारलं.

"पाणी!"

"कुठलं?"

"गावच्या विहिरीचं!"

"आणि वरून विरजण काय घातलं?"

"सरपंचांचं पाच लिटर डिझेल!"

"आता डोळे असतील तर बघा."

काठी वर आली. खालच्या टोकापासून हातभर वरपर्यंत तेलकट, चकाकणारी. डिझेलचा उग्र वास पुढच्या रांगेत पसरला. काठीच्या टोकाला गुंडाळलेल्या चिंधीला बाबाने काडी लावली. ती जरा तडतडली आणि मग काळा धूर सोडत पेटली. पिंपभर पाण्याचं पिंपभर डिझेल झालं होतं! बाबाने करवंटीने वरवरचं लिटरभर काढून सरपंच दिनानाथांच्या पॉवर टिलरमध्ये ओतलं. टिलर धडधडू लागला तशी माणसं हात जोडून खाली बसली.

पाच लिटर घातलं होतं, एक लिटर काढलं होतं. गावाने त्या एकाचा जयजयकार केला.

सुचिता लांब, आडव्या पडलेल्या पिंपळापाशी उभी होती. कडेवर सहा महिन्यांची चिमी. जवळ यायची तिला बंदी होती. "अंगावर पाजणारी आणि पोटुशी, दोघींनी सावलीसुद्धा पाडायची नाही," बाबाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "विरजण नासेल."

वादळाला नऊ दिवस झाले होते. विजेचे खांब भातासारखे आडवे पडलेले, सुपारीच्या बागा मुळासकट उपटलेल्या, निम्म्या घरांवर कौलांऐवजी ताडपत्री. फोन मुके. रात्री गाव इतकं काळं होई की समुद्र कुठून सुरू होतो ते कळत नसे. आणि डिझेल नव्हतं. तालुक्याच्या पंपावर पहिल्या दिवशी गाडीमागे वीस लिटर मिळालं, मग दहा, मग पंपाला दोरी बांधली गेली. तरी रांग हलली नाही. माणसांनी आपापल्या जागी कॅन ठेवले, ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवले आणि दगडांशेजारी स्वतः बसून राहिली. एकाने दुसऱ्याचा दगड सरकवला म्हणून डोकी फुटली.

अशा वेळी पिकअपमधून हा बाबा आला. सोबत शिवदास नावाचा शिष्य आणि सात रिकामी पिंपं. गाव त्याला विरजणबाबा म्हणू लागलं.

"दूध पातळ, ताक पातळ, पाणी पातळ, डिझेल पातळ," तो सांगे. "पातळातलं तत्त्व एकच, लेकरांनो. चमचाभर विरजणाने घागरभर दही होतं की नाही? परदेशातले शास्त्रज्ञ माझ्या पाया पडून गेले, म्हणाले, आम्हाला हे सुचलंच नाही. मी म्हटलं, तुम्ही फ्रिजमधलं दही खाता, तुम्हाला कसं सुचणार?"

लोक हसत आणि हसता हसता बाटल्या पुढे करत. कुणी होडीच्या टाकीतून काढलेलं, कुणी जनरेटरमधलं, कुणी टमटममधलं. सात पिंपं, सात वाड्यांची. सोमवारी उघडायची. तोवर हात लावायचा नाही, झाकण हलवायचं नाही. ते सांगायची गरजही नव्हती. लावलेलं विरजण हलवू नये, हे कोकणातल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

घरी आल्यावर सुचिताने सवयीने पडवीतल्या कोपऱ्यात नजर टाकली. भाताच्या कणगीमागे निळा कॅन असायचा. तो नव्हता.

"आई, कॅन कुठाय?"

सासू इंदूबाई चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली नाही.

"आई, प्रांजलीताईंसाठी ठेवलेलं दहा लिटर कुठाय?"

"विरजणाला दिलं."

प्रांजली म्हणजे सुचिताची नणंद. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नर्सबाईंनी वादळाच्या आदल्या दिवशी पोट तपासून सांगितलं होतं, बाळ पायाळू आहे, पाय खाली, डोकं वर. घरी सोडवायचा विचारसुद्धा करू नका, कळ आली की थेट म्हसळ्याच्या दवाखान्यात न्या. म्हणून सुचिताचा नवरा अजित दोन दिवस दगडांच्या रांगेत बसून ते दहा लिटर घेऊन आला होता. त्याची तीनचाकी मिनीडोर परसात उभी होती, टाकी कोरडी. मिनीडोर सरळ उभी करून ठेवली होती, तोंड रस्त्याकडे.

"अवो आई, ते तर..."

"माज्यावर वरडू नको गो." इंदूबाई म्हणाली. "सरळ रस्ता बंद हाय. फेऱ्यानं जायचं तर दहा लिटरात पोचल का? वाटेत गाडी थांबली म्हंजे? म्हटलं, दहाचं पिंपभर होईल. माज्या पोरीचंच करत व्हते मी. तुज्या पोरीचं कोणी केलं न्हाय काय?"

लोभापोटी दिलं असतं तर सुचिताला भांडता आलं असतं. भीतीपोटी दिलेल्याशी काय भांडणार?

अजित उंबऱ्यात उभा राहून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "एक बघितलंस? सगळ्या गाड्या उभ्या. बाबाची पिकअप तेवढी रोज सकाळी पळते. म्हणे संगमाचं पाणी आणायला."

"मग?"

"पाणी आणायला जाणारी गाडी जाताना रिकामी असते ना? हिचे जाताना मागच्या स्प्रिंगांचे पाटे ओझ्याने दबलेले असतात. येताना उचललेले."

"अजित, देवाची चेष्टा करू नको," इंदूबाई म्हणाली. पण तिने फुंकणी खाली ठेवली.

रविवारी सकाळी आभाळ शिसवी लाकडासारखं काळं होतं आणि वारा मुळीच नव्हता. सुचिताने चिमीला मांडीवर घेऊन खोबरेल चोळलं. मग घमेल्यात कढत पाणी घालून गार पाण्याचं विसण घातलं. आयांची सवय असते, बाळाला पाण्यात घालण्याआधी कोपर बुडवून बघायचं. बोटांना चूल शेकून शेकून कळेनासं होतं, कोपराला कळतं. चिमीने मघाशीच आपला तेलकट पाय पाण्यात आपटला होता. तेलाचे दोन-चार थेंब पाण्यावर पसरले होते, पापुद्र्यासारखे.

सुचिताने कोपर बुडवलं आणि बाहेर काढलं.

कोपर तेलकट झालं होतं. टोकापासून पाणी लागलं तिथपर्यंत, सगळं.

ती बघत राहिली. पुन्हा बुडवलं. पुन्हा तसंच. तेल वर, नखाएवढं पातळ. पण बुडणारी वस्तू जाताना त्यातून जाते, येताना त्यातूनच येते. कोपराला विचारलं तर ते सांगेल, घमेलंभर तेल आहे.

"तुझ्या पायाने सांगितलं गो बाय," ती चिमीला म्हणाली आणि तिचा ओला तळवा गालाला लावला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून प्रांजलीची हाक आली. हाक नव्हे, नुसता श्वास. "वैनी... पाणी गेलं."

सुचिताने चिमीला पंच्यात गुंडाळलं. परसात सासरा धर्माजी पडलेली भिंत रचत होता. तो गवंडी. भिंत सारख्या पातळीत आहे का ते बघायची त्याची पारदर्शक नळी खुंटीला लटकत होती.

"आबा, नळी घ्या. आणि ती बांबूची काठी. ताईंना कळा आल्या."

"कळांना नळी कशाला?"

"चला हो, वाटेत सांगते."

देवळापुढे पिंपांशेजारी बाबा पाटावर बसला होता. शिवदास पिकअपमध्ये कॅन चढवत होता. चार बायका बाटल्या घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यात शेजारची सोनाबाईही.

"अगं अगं, मागं हो!" बाबा ओरडला. "बाळंतीण आली! नासलं, सगळं नासलं!"

"महाराज, घरात पोर अडलीय. आमचं दहा लिटर परत द्या."

"उद्या दोनशे घेऊन जा."

"आज दहा द्या."

"विरजण हलवलं तर फाटतं, बाई. तुमच्या एका पोरीपायी गावाच्या तोंडचा घास काढणार?"

सोनाबाई पुढे झाली. "सुचे, एक दिवसाचं तर हाय. माजंबी हाय त्यात. नको गो नासवू."

सगळं गाव गोळा होत होतं आणि त्यांच्या नजरा पिंपांवर नव्हत्या, सुचितावर होत्या. अशा नजरा तिने पंपावरच्या रांगेत पाहिल्या होत्या, दगड हलवणाऱ्यावर लागलेल्या.

"मी हात लावत नाही," ती म्हणाली. "आबा लावतील. ते बाळंतीण नाहीत ना?"

कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्याच्या आडोशाने धर्माजीने झाकण सरकवलं.

नळी काठीला बांधलेली होती, दोन्ही तोंडं उघडी. त्याने ती सरळ, हळू, पार तळाला टेकेपर्यंत सोडली. वरच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबला आणि काठी वर उचलली. पिंपाच्या तोंडापासून तळापर्यंत जे काही होतं त्याची उभी फोड त्या नळीत उभी राहिली.

खालपासून पाणी. स्वच्छ, विहिरीचं. गुडघ्याएवढं पाणी, मांडीएवढं पाणी. आणि अगदी वर, अर्ध्या बोटाएवढं, पिवळसर डिझेल.

धर्माजीने दुसऱ्या पिंपात नळी सोडली, मग तिसऱ्या. पाणी, पाणी. सातव्या पिंपात तर नुसता तवंग.

"माजं आठ लिटर..." सोनाबाई पुटपुटली. "आठ लिटर घातलं मी याच्यात. कुठं गेलं?"

"नळीचं प्लास्टिक डिझेल खातं!" बाबा उठला. "शास्त्र आहे हे!"

"मग वरचं का नाही खाल्लं?" सुचिताने विचारलं. "ऐका सगळे. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. काठी त्यातून खाली जाते, त्यातूनच वर येते, म्हणून सगळीच तेलकट होते. तुमच्या कालवणावर तेलाची तरी येते, त्यात पळी बुडवा, पळी पण तेलकटच येईल. म्हणून काय सगळं कालवण तेलाचं असतं? पाण्याचं काही झालं नाही. तुम्ही घातलं तेच वर होतं, आणि ते हे रोज सकाळी उपसून नेत होते. ते बघा, कॅन चढवतायत. उघडून बघा!"

मान वळेपर्यंत पिकअप सुरू झाली होती. बाबा धावत मागे लटकला. माणसं ओरडत मागे गेली, पण सगळ्यांच्या गाड्या कोरड्या होत्या. त्यांचंच डिझेल जाळत ती पिकअप वळणावर दिसेनाशी झाली.

गाव शिव्या देत उभं राहिलं, सुचिता पिंपाशी बसली. करवंटीने वरचा तवंग काढायचा, काचेच्या बरणीत ओतायचा, पाणी खाली बसलं की वरचं तेवढं अलगद दुसरीकडे घ्यायचं. एक थेंब पाणी इंजिनात गेलं तर गाडी घाटात मरेल, हे अजितने दोनदा सांगितलं होतं. मघाशी तिला नको म्हणणारी सोनाबाई खाली बसली आणि बरणी धरू लागली. कोणी म्हटलं नाही की हे माझ्या वाट्याचं. सात पिंपं मिळून पाच लिटर निघालं.

फेऱ्याच्या रस्त्यावर मिनीडोरने तीनदा आचके दिले. दर आचक्याला इंदूबाई लेकीचा हात दाबे आणि डोळे मिटे. कुठल्या देवाचं नाव घेत होती कोण जाणे, पण एकदा तिने डोळे उघडून हळूच म्हटलं, "सुचे, मी तिला मारत व्हते गो."

"नाही आई. तुम्हाला घाबरवलं होतं."

म्हसळ्याच्या दवाखान्यात जनरेटरच्या उजेडात बाळाचे आधी पाय आले. जांभळे, निपचित. डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा घामही पुसला नाही. पुष्कळ वेळाने डोकं सुटलं, आणि त्यानंतर जो वेळ गेला तो सुचिताला अजून मोजता येत नाही. मग ते रडलं. मुलगी होती.

चौथ्या दिवशी, दवाखान्याला आलेल्या टँकरमधलं थोडं डिझेल घेऊन ते परत निघाले. वाटेत पुढच्या गावाच्या देवळापाशी अजितने गाडी सावकाश केली. पारावर बाटल्यांची रांग होती. प्रत्येक बाटलीवर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड. मधोमध नवी पिंपं. नवा बाबा, म्हणजे तोच, दाढी जरा आखूड. पाटे दबलेली तीच पिकअप.

"चल, जाऊ," अजित म्हणाला. "बाळ आहे गाडीत."

"म्हणूनच थांब."

सुचिताने चिमी सासूच्या मांडीवर दिली. निघताना सीटखाली टाकलेली आबांची नळी काढली. इंदूबाईने नातीच्या अंगावरचा पंचा नीट केला आणि दुसऱ्या हाताने सुनेला काठी दिली.

बायांनो, आपण सगळ्याजणी पोराला न्हाऊ घालण्याआधी पाण्यात कोपर बुडवतो. कितीही घाई असो, कोणीही सांगो की पाणी कोमट आहे, आपण आपलं कोपर बुडवतो. सासूचं ऐकत नाही, नवऱ्याचं ऐकत नाही. पोर आपलं आहे म्हणून. मग कोणी येऊन चमत्कार सांगितला, झाकण उघडू नका म्हणाला, सावली पाडू नका म्हणाला, तर तेवढंच करा. नळी पार तळापर्यंत घाला. जे खरं असतं ते हलवल्याने फाटत नाही.